शेवटचा भारा

रानात एकच भारा उरला होता.

बाकीचे सगळे खळ्यावर जाऊन पडले होते. कापणीच्या बायका विळे कंबरेला खोचून ओढ्याच्या पाण्यात पाय धूत होत्या. कार्तिकातलं ऊन उतरणीला लागलं होतं आणि ओल्या खाचरातून भाताच्या पेंढ्याचा गोडसर, कुबट वास वर येत होता. शेवंताबाई सकाळपासून बांधावर होती. मधेच बसायची, पण कुणी भारा डोक्यावर घेतला की पुन्हा उठून उभी राहायची. तिची सून निशा जाता-येता म्हणत होती, "आत्ती, घराकडं जावा की. पाय सुजतील." पण ती हलली नव्हती.

पलीकडच्या बांधावर सरव्याच्या बायका बसल्या होत्या. धोंडुबाई, चिमणाबाई आणि सायकलच्या दुकानातल्या मौलालीची बायको रशिदा. प्रत्येकीच्या मांडीवर रिकामी बुट्टी. भात कापून नेल्यावर खाचरात ज्या लोंब्या गळून पडलेल्या असतात तो सरवा. तो मालकाचा नसतो, वेचील तिचा असतो. फक्त त्याला एक रीत होती. शेवटचा भारा डोक्यावर चढला की मालकानं बांधावरून म्हणायचं, "उतरा." त्याआधी बायकांनी रानात पाऊल टाकायचं नाही. आणि एकदा "उतरा" म्हटलं, की मालकानं आपल्याच रानातली एक लोंबीसुद्धा उचलायची नाही.

हा शब्द शेवंताबाईनं सगळा जन्म पलीकडच्या बांधावर बसून ऐकला होता. कुणी तो हसून म्हणायचं, कुणी पाठ फिरवल्यावर, तर कुणी कुत्र्याला हाकलावं तसं. या वर्षी रान तिचं होतं. तिचा नवरा आबा धरणावर चौकीदार होता. नोकरी संपल्यावर हातात जे आलं त्यात त्यानं ओढ्याकाठचा हा तुकडा घेतला आणि बायकोच्या नावावर केला. पहिलं भात पोटरीत असतानाच, लोंब्या बाहेर पडायच्या आधी, तो गेला. गावातल्या बौद्धवाड्यात भाताचं रान असलेलं हे पहिलंच घर. आणि पहिल्या सुगीला "उतरा" म्हणायचं होतं शेवंताबाईला. घरात ती तसं कुणाला बोलली नव्हती. बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. भारा उचलला जाईल, आणि आपण म्हणू.

"बाळासो, त्यो भारा कोन उचलतंय?" तिनं हाक मारली.

बाळासो, तिचा मुलगा, घाम पुसत आला. एसटीत कंडक्टर. आवाज गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा, तो रानातही तसाच लागायचा.

"ऱ्हाऊ दे त्यो हितंच."

"म्हंजे?"

"म्हंजे ऱ्हाऊ दे, आई. शनवारी स्पर्धेची माणसं मोजायला येनार. तवर आपली कापणी संपलेली न्हाय."

तालुक्याच्या भातपीक स्पर्धेत त्यानं नाव घातलं होतं. कृषी खात्याची माणसं येऊन खळ्यावरच्या सगळ्या भाताचं वजन करणार होती. पिकाला नाव ठेवायला जागा नव्हती, पण दिवाळीत पावसाच्या दोन सरी जोराच्या आल्या आणि उभं भात आडवं झालं. भरल्या लोंब्या चिखलात बसल्या. कापताना बऱ्याच सुटून राहिल्या होत्या.

"किलोकिलोनं नंबर जातोय," बाळासो म्हणाला. "रानात पडलंय ते समदं खळ्यावर पायजे. उद्या आमी घरचीच माणसं वेचून घेतो."

"आन त्या बसल्यात त्या?"

"त्यांना कोन नको म्हणतंय? भारा उचलला की उतरू देत. भारा उचलला न्हाय तर सरवा उघडत न्हाय. हीच रीत हाय न्हवं? मी काय रीत मोडाय लागलोय?"

शेवंताबाई त्याच्याकडं बघत राहिली. रीत तर तो मोडत नव्हता. इतक्या वर्षांत एवढी हुशारी कुणा पाटलालाही सुचली नव्हती.

पलीकडून धोंडुबाई ओरडली, "शेवंताकाकू, काय ठरलं गं? का आमी आता हितंच चूल मांडू?"

शेवंताबाईनं पदर सारखा केला आणि बांधावरून खाली उतरून घराची वाट धरली. उत्तर दिलं नाही म्हणून सगळ्या वाटभर तिचे कान गरम होते.

जेवताना बाळासो खुशीत होता. पहिला नंबर आला की तालुक्याच्या गावी सत्कार. मग पुढच्या साली शेजारच्या केरबाअण्णाचा पट्टा खंडानं घ्यायचा. मग पॉवर टिलर. मग ओढ्यावर मोटर.

"आन मग?" शेवंताबाईनं विचारलं.

"मग काय मग? माणसानं वाढायला नको व्हय?"

"वाढ की. पर हितलं भात अजून खळ्यावर पडलंय, वारं दाखवलं न्हाय त्याला, आन तू केरबाच्या बांधावर गेलास बी."

निशा तोंडाला पदर लावून हसली. बाळासोनं तिच्याकडं बघितलं तशी ती आमटी आणायला उठली.

सकाळी दव असतानाच बाळासो आणि निशा खाचरात उतरले. मधोमध तो भारा तसाच, दवानं काळपट झालेला. दोघं एकेक सरी धरून वाकून लोंब्या वेचत होती आणि पोत्यात टाकत होती. उन्हं वर आली तशा त्या तिघी आल्या. बांधावर बसल्याच नाहीत. उभ्या राहून बघितलं.

"मालकच सरवा वेचाय लागला," धोंडुबाई मोठ्यानं म्हणाली, "आता आमी काय वेचावं? ढेकळं?"

"कंडक्टरचं रान हाय बाय," चिमणाबाई म्हणाली. "सुट्टं परत मिळायचं न्हाय."

बाळासोनं वर बघितलं नाही. निशाची मान मात्र आणखी खाली गेली. रशिदा कमी बोलणारी. मौलालीला पक्षाघात झाल्यापासून दुकान बंद होतं, आणि ती पहिल्यांदाच सरव्याला निघाली होती. बुट्टी कशी धरावी हेसुद्धा तिला कळत नव्हतं. ती धोंडुबाईचा पदर ओढत म्हणाली, "चला ना. केरबाअण्णाच्या रानात जाऊ. भांडाभांडी नको."

शेवंताबाई खळ्यावरच्या झोपडीच्या दारात उभी होती. ती आत गेली. आढ्याला टांगलेली तिची जुनी बुट्टी तिनं काढली. काठ लुगड्याच्या चिंधीनं बांधलेला. आतली धूळ तिनं मांडीवर आपटून झाडली आणि बाहेर आली.

"थांबा गं. मी बी येतो."

"कुठं?" धोंडुबाई म्हणाली.

"तुमी चाललाय तिकडं."

"आई!" बाळासो खाचरातून ओरडला. "कुठं चाललीस?"

"सरव्याला."

"डोकं फिरलं काय तुझं? सोताचं रान सोडून?"

"माझ्या रानात भारा हाय अजून," ती म्हणाली आणि चालू लागली.

केरबा आपल्या बांधावर तंबाखू मळत उभा होता. त्याचं भात कालच घरी गेलं होतं, शेवटचा भारा तेवढा गडी आत्ता उचलत होता. शेवंताबाईला बायकांत बघून तो हसला.

"या पावणं. रान बघायला आलाय व्हय?"

"सरव्याला आलोय, केरबा."

"थट्टा करतीस माझी?"

"न्हाय. तू उतरा म्हन."

केरबानं तिच्या हातातली बुट्टी बघितली. मग मान वळवून ओढ्याकाठच्या रानाकडं बघितलं. मधोमध एकुलता एक भारा आणि त्याच्याभोवती वाकलेली दोन माणसं लांबूनही दिसत होती. त्यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच मुठीत धरली.

"शेवंताबाय, तुला मी कुठल्या तोंडानं म्हनू?"

"ज्या तोंडानं इतकी वर्सं म्हटलास त्याच."

"उतरा," केरबा खालच्या आवाजात म्हणाला आणि लगेच दुसरीकडं बघू लागला.

कंबर पहिल्यांदा नाही म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती थोडी वाकली, थांबली, आणखी वाकली. मग जुनं सगळं आपोआप आलं. डावा हात पाठीवर, उजवा जमिनीसरसा. लोंबी दिसायच्या आधी बोटाला लागायची. तळव्याखालची कापलेल्या धाटांची टोकं, चिखलाचा गारवा, मानेवर पडणारं ऊन. रशिदा एकेक लोंबी उचलून बघत होती. शेवंताबाईनं तिला दाखवलं, "अशी मूठ भरूस्तोवर उठायचं न्हाय. उठलीस की कंबर मोडती. वाकलं की वाकलंच."

"तुमाला दुखत न्हाय, काकू?"

"दुखतंय की. मला बी कंबरच हाय."

धोंडुबाई हसली. "मालकीण हाय बाय ती. मालकिणीची कंबर येगळी असती."

दुसऱ्या दिवशी बाळासोची रजा संपली. तो गाडीवर गेला, आणि शेवंताबाई पुन्हा बुट्टी घेऊन निघाली. आता वरच्या आळीच्या एका रानात, डांबरी रस्त्याला लागून. चार बायका वाकून वेचत होत्या तेव्हा राधानगरीकडून येणारी गाडी फाट्यावर थांबली. एक माणूस उतरला. गाडी निघेना.

आत खिडकीजवळचा एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, ती तुमची आई न्हवं?"

बाळासोनं बघितलं. ती त्याच्याकडं पाठ करून वाकली होती. पायांच्या पोटऱ्या चिखलानं भरलेल्या. खोचलेलं लुगडं आणि त्याला लहानपणापासून ओळखीची ती बुट्टी.

"व्हय की, शेवंताबायच," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय बाळासो, एसटीचा पगार थकला काय रं?"

"पयला नंबर येनार हाय म्हणत हुतास न्हवं? मग म्हातारीला कुणाच्या रानात धाडलंस?"

सगळी गाडी हसली. बाळासोच्या हातात बेलची दोरी होती आणि ती ओढायची त्याला आठवण राहिली नव्हती. ड्रायव्हरनं मागं वळून ओरडून सांगितलं, "मास्तर, बेल द्या की! का उतरताय तुमी बी?"

संध्याकाळी तो खाकी कपड्यांतच घरात शिरला. शेवंताबाई परसात बसून वेचलेल्या लोंब्या पायानं मळत होती. दाणे सुटून चटईवर पडत होते. फार नव्हते. शेजारी सूप.

"समद्या गाडीत नाक कापलंस माझं," तो म्हणाला.

"मी काय चोरी केली?"

"मालकीण हाईस तू!"

"मालकीण असतो तर उतरा म्हटलो असतो. ज्येला उतरा म्हणता येत न्हाय त्यानं दुसऱ्याच्या बांधावर जाऊन ऐकायचं."

बाळासो पायरीवर बसला. बूट काढायचे राहिले होते. तो तिच्या पायांकडं बघत होता.

"तुला वाटतंय मी नंबरासाठी हपापलोय," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा लांब गेला नाही. "तुझी ओटी झाडलेली आठवती का तुला? वरच्या आळीच्या त्या बाईनं? सरवा वेचून झालता, तू बांधावर चढलीस, आन तिनं पदर वडला. समदं आपल्या राशीत पाडलं. वर पदर फटकारून बघितला, एखादी लोंबी चिकटली असली तर म्हणून. मी हुतो तितं. तुझं लुगडं धरून हुबा हुतो."

"आठवतंय."

"त्या दिवशी ठरवलंतं. आमचं बी खळं असंल. त्या आळीत कुणाचं नसंल तेवढं भात त्याच्यावर असंल. तालुक्यात नाव वाचून दाखवतील, आन ते तिच्या घरापतोर ऐकू जाईल. ह्यात वंगाळ काय हाय?"

शेवंताबाईचे पाय थांबले. तिनं सूप जवळ ओढलं, पण त्यात काही घेतलं नाही.

"वंगाळ काय न्हाय. मला बी आग लागलीती. पदर फाटला हुता त्यात. एकच लुगडं हुतं." ती म्हणाली. "पर मग काय झालं ते आठवतंय का?"

"मग काय?"

"आपुन घराकडं निघालो. तू रडत हुतास. केरबाच्या बांधावरनं त्याच्या आईनं हाक मारली. थोरली म्हातारी, आंधळी व्हत आलेली. तिचा गडी निघून गेलता, शेवटचा भारा रानातच हुता, सकाळी न्यायचा म्हणून. मी म्हटलं, अजून रान उघडलं न्हाय तुमचं. ती म्हणाली, आत्ता उघडतो. केरबाला भारा उचलाय लावला, पर घेतला सोताच्या डोस्क्यावर. थरथरत हुती. आन म्हणाली, उतर गं शेवंता. मला एकटीला म्हणाली. एकटीसाठी कुणी म्हणत न्हाय, बाळासो."

बाळासो बुटाची नाडी सोडू लागला.

"त्या दिशी भात शिजवला. तू पोटभर खाल्लास, परत मागून घेतलास. आबा म्हणाला, पोर फुटंल की."

"मला न्हाय आठवत."

"कसं आठवंल? पोट भरलं हुतं. झोपलास."

आत निशा भांडी घासत होती, तिचा हात थांबला. शेवंताबाईनं सुपात दाणे घेतले आणि पाखडू लागली. फोल उडून बाळासोच्या खाकी पँटवर बसत होतं. त्यानं ते झटकलं नाही.

शनिवारी सकाळी ओढ्यावर धुकं होतं. माणसं न्याहारीच्या वेळेला मोजायला येणार होती, म्हणून बाळासोनं सुट्टी घेतली होती. शेवंताबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, डोक्याच्या चुंबळीसाठी एक फडकं घेतलं आणि रानात गेली. तिच्या सांगण्यावरून त्या तिघी पलीकडच्या बांधावर येऊन बसल्या होत्या. खाचर बरंच वेचून झालं होतं, पण आडव्या भाताचं रान, ओढ्याकडच्या अंगाला अजून लोंब्या दिसत होत्या.

ती भाऱ्यापाशी गेली. दोन्ही हात घातले आणि उचलायला लागली. गुडघ्यापर्यंत आला आणि पुन्हा बसला. दवानं जड झाला होता. भारा कुणालाच एकट्यानं डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणीतरी हात लावावा लागतो.

रशिदा उठून उभी राहिली. "काकू, येऊ का हात लावायला?"

"थांब. अजून उतरा म्हटलं न्हाय."

"मग म्हणा की!"

"भारा खाली असताना कसं म्हणू?"

धोंडुबाईनं कपाळाला हात लावला. "ह्या मायलेकरांची रीत एक दिवस आमाला बांधावर म्हातारं करनार बघ."

शेवंताबाई भाऱ्याला टेकून उभी राहिली, दम घेतला, पुन्हा खाली वाकली. एवढ्यात खळ्याकडून बाळासो येताना दिसला. मागं निशा, कडेवर पोतं. तो सरळ भाऱ्यापाशी आला. रात्रभर झोपला नसावा असे त्याचे डोळे होते.

"सर. मी नेतो."

"न्हाय. माझ्या डोक्यावर दे."

"मान मोडंल, आई. भिजलाय त्यो."

"हात लाव."

"न्याहारीच्या वक्ताला ती मानसं येतील. ह्या उतरल्या की रानातलं ऱ्हायलेलं गेलं. नंबर जाईल कदाचित."

"जाईल की," शेवंताबाई म्हणाली. "भात कुठं जात न्हाय. खळं भरून पडलंय आपलं. आबानं बघितलं असतं तर दिवसभर त्याच्याभोवती फिरला असता. तू एकदा तरी नीट बघितलास?"

बाळासोनं खळ्याकडं वळून बघितलं. धुकं विरळ झालं होतं. भाताची रास पिवळी, ओलसर, माणसाच्या छातीला लागेल एवढी उंच. तो बघत राहिला. जरा वेळ गेला, तरी बघत होता.

निशा तोवर पुढं गेली होती. तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि वेचून घेतलेल्या लोंब्या खाचरात ओतल्या. मग पोतं उलटं धरून झटकलं. "आत्ती, ह्ये बी ह्या रानातलंच हाय," ती म्हणाली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

बाळासो भाऱ्याकडं वळला. मग तो वाकला, भाऱ्याखाली हात घातले.

"बस खाली. चुंबळ नीट कर. व्हय. उठ आता, हळू."

भारा वर गेला. बाळासोचे हात भाऱ्याला तसेच धरलेले.

"सोड," ती म्हणाली.

त्यानं सोडला.

डोक्यावर ओला भारा असला की वाकता येत नाही. मान ताठ, पाठ ताठ, नजर समोर. ज्या बाईला गावानं सुगीत कायम वाकलेली बघितलं होतं, ती खाचरातून सरळ चालत बांधापर्यंत गेली. बांधावर चढताना निशानं कोपराला हात दिला, तो तिनं घेतला. वर गेल्यावर ती थांबली. मान वळवता येत नव्हती म्हणून सगळी वळली, भाऱ्यासकट, पलीकडच्या बांधाकडं तोंड करून.

लोंब्यांच्या टोकांतून दवाचं पाणी तिच्या कपाळावर ठिबकत होतं.

"उतरा गं बायांनो," शेवंताबाई म्हणाली. "उतरा."

आवाज ओढ्यापलीकडं गेला. केरबा त्याच्या रानात खत पसरत होता, त्यानं हातातलं खोरं उभं धरलं आणि इकडं बघितलं.

तिघी उतरल्या. धोंडुबाई सगळ्यांत आधी, बुट्टी कमरेला लावून, काहीतरी बडबडत. रशिदानं चप्पल बांधावर काढून ठेवली आणि पहिल्याच सरीला वाकली. ती वाकलेलीच राहिली.

शेवंताबाई खळ्याच्या वाटेला लागली. बाळासो तिच्या मागून निघाला, भारा कलला तर धरता यावा म्हणून दोन्ही हात जरा पुढं करून. चालता चालता त्याच्या पायाशी एक भरलेली लोंबी आली. हात सवयीनं खाली गेला. बोटं तिच्यापर्यंत पोचायच्या आत तो थांबला, हात मागं घेतला, आणि पाय तिच्यावर पडू नये म्हणून लांब टाकून पुढं गेला.

फाट्याकडून जीपचा आवाज येत होता. आईच्या डोक्यावरचा भारा समोर सरळ चालला होता.